पुतळ्याच्या पाटीत बर्फ

बोईसरच्या बाजारात मी मासळी विकते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. भाव करताना लोक जपून बोलतात. त्या मे महिन्यात मात्र मीच गप्प गप्प होते. नवऱ्याला कंपनीत पाळ्या, मी पहाटेच बंदरावर. सात वर्षांच्या पोरीकडे बघायचं कुणी? म्हणून जूनपासून तिला दातिवऱ्याला माझ्या आईकडे ठेवायचं ठरलं होतं. शाळाही तिथलीच. पोरीनं ऐकून घेतलं, चकार शब्द काढला नाही. मला तेच खुपत होतं.

सुट्टी म्हणून ती माझ्याबरोबर बाजारात यायची. समोरच्या चौकात कोळणीचा पुतळा आहे, पुढ्यात मासळीची पाटी घेऊन बसलेला. एका दुपारी बघते तर माझ्या पेटीतला निम्मा बर्फ गायब! पोरगी चौकाच्या कठड्यावर चढून पुतळ्याच्या सिमेंटच्या पापलेटांवर बर्फ पसरत होती. तोही अगदी माझ्यासारखा, थरावर थर. रिक्षावाले पोट धरून हसत होते. मी धावले.

"भवाने, उतर खाली! माझी मासळी नासली म्हंजे?"

"तिची उन्हात हाय ना, आये. सकाळपासनं."

बखोटीला धरून आणली, तर बसल्या बसल्या सांगायलाच लागली. म्हणे, बर्फ पडल्या पडल्या बाई जिवंत झाली, पदर खोचून उठली. सोसायटीच्या गेटवरचा सिंह तिनं शेपटी ओढून जागा केला, मग ती बाई आणि ही, दोघी त्याच्या पाठीवर बसल्या. बागेतली सशाच्या तोंडाची कचराकुंडी आडवी आली. "कागद खाऊन जीव विटला, एक बोंबील दे!" बोंबील दिला तेव्हा वाट सोडली. मग सिंह जो सुटला, कोळगाव मागं, पालघर मागं. मी सुरमई कापत ऐकत होते. हसू आवरेना, खोटं कशाला बोलू?

"एवढ्या घाईनं कुटं चाललेल्या गो?"

"तिच्या पोरीला आनाया."

"पोरगी कुटं हाय तिची?"

"गावाला ठेवलीय, आजीकडं. तवापासनं तिचा पुतळा झालाय."

माझा हात थांबला. सुरमईसाठी थांबलेला एक कामगार म्हणाला, "मौसी, काटो ना." काय कापते! समोरचं सगळं धूसर झालं होतं. त्याला थांबवून मी तिथूनच आईला फोन लावला.

"पोरीला नाय पाठवत."

"मंग पहाटं कोन बगल तिला?"

"येल माझ्यासंगं बंदरावर. टेंपोत झोपल."

"येड लागलं का तुला?" आई ओरडली. मी म्हटलं, लागलं. फोन ठेवला आणि छाती इतकी हलकी झाली की सुरमईचा एक तुकडा त्या माणसाला वरून घातला.

पोरगी उठून माझ्या मांडीत येऊन बसली. हात माशाचे, अंगाला घाम, कशाकशाची पर्वा नाही.

"उठ गो, गिऱ्हाईक हाय."

उठली नाही. मीही उठवलं नाही.