भिंगरीचा काळा रबर

माझी नात बसून जेवत नसे. ताट ओट्यावर ठेवायची, एक घास घ्यायची, खिडकीपर्यंत जायची, बाहेर बघून परत यायची, मग दुसरा घास. शाळेत ती बसली की बाक हलायचा, म्हणून बाईंनी तिला मागे एकटीला बसवलं होतं. "या पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय," असं माझी बायको म्हणायची. बायको गेली, नाव राहिलं. घरात, मैदानावर, सगळीकडे ती भिंगरीच.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचो. निवृत्त झाल्यावर एकच काम उरलं. पहाटे भिंगरीला स्कूटरवरून मैदानावर न्यायचं आणि तिची पिशवी सांभाळत पायऱ्यांवर बसायचं. मुलगा मालट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. सूनबाई औषधाच्या दुकानात काउंटरला. मागे बसलेल्या भिंगरीचा गुडघा सतत हलायचा आणि त्यानं स्कूटरही हलायची. "पाय हलवू नकोस, दोघं पडू," असं मी रोज म्हणायचो. ती रोज "बरं" म्हणायची आणि हलवायची.

ती पाच हजार मीटर पळायची. तिच्याबरोबर आणखी काही मुली होत्या आणि एक सर. सर सज्जन माणूस, पण बोलणं मोजकं. शिट्टीनं जेवढं सांगता येईल तेवढंच सांगायचे. मुलींना महिन्याच्या त्या दिवसांत सराव हलका द्यावा हे त्यांना कळत होतं, पण विचारणार कसं? म्हणून जुन्या मुलींनी एक रीत पाडली होती. जिची पाळी सुरू असेल तिनं डाव्या मनगटात केसांचा काळा रबर घालायचा. सर मनगटं बघायचे आणि रबरवालीला बोटानं बाहेरची वाट दाखवायचे. म्हणजे आज कडेकडेनं, हळू पळ. कुणाला तोंड उघडावं लागत नसे.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. एकदा पायरीवर काळा रबर सापडला, तो मी उंच धरून ओरडलो, "कुणाचा आहे गं हा?" मुली हसून हसून खाली बसल्या. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात उंच, जिला त्या जिराफ म्हणत, माझ्याजवळ आली. "आबा, खाली ठेवा. सर तुम्हालाच हळू पळायला सांगतील," म्हणाली आणि हळूच सगळं समजावलं. माझे कान तापले. पण कुणीतरी सांगितलं याचं बरंही वाटलं. मला मुलगी नाही, आणि घरात या गोष्टी माझ्यासमोर कधी निघाल्या नाहीत.

त्यानंतर माझीही नजर मनगटांवर जायला लागली. भिंगरीच्या हातात रबर कधीच नसायचा. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, भिंगरी. एक दिवस वाया घालवत नाही." वाक्य लांबलचक होतं, निदान सरांच्या मानानं. भिंगरीची मान ताठ झाली.

"हिची कायमची सुट्टी मंजूर झालीय," जिराफ म्हणाली. "आमचा अर्ज कधी मंजूर होणार देव जाणे."

"भात सोड, होईल," भिंगरी म्हणाली.

त्या मुलींमध्ये ती एक वेगळीच शर्यत होती. जिचा रबर दिसत नाही ती पुढे. सरांनाही वाटायचं की पाळी थांबली म्हणजे शरीर कसून तयार झालं. आणि खरंच, तेव्हा भिंगरी सुसाट पळत होती.

घरात मात्र कुरबुर चालायची. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो.

"कपाटातलं पॅडचं पाकीट तसंच आहे गं तुझं."

"आई, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं. सरांना विचार."

"सरांना काय विचारू, डोंबल?"

"मग नको विचारूस."

"थोडा भात तरी घे."

"जड होतं पळताना. पोट भरलंय माझं."

निवड चाचणी जवळ आली होती. त्यातून क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळणार होता. तिथं राहणं, खाणं, बूट, मोठे प्रशिक्षक. भिंगरीला दुसरं काही दिसत नव्हतं. त्याच दिवसांत ती आमचा जिना आडवी उतरायला लागली, खेकड्यासारखी. "बूट नवे आहेत," म्हणाली. बूट जुनेच होते.

मग एका सकाळी तिच्या मनगटात काळा रबर दिसला. सर बोटानं कडेची वाट दाखवून मोकळे झाले. मला इतकं हायसं वाटलं की घरी आल्यावर धीर करून मी सूनबाईंना म्हणालो, "ते... तुमची काळजी मिटली बरं का. रबर होता."

सूनबाईंना रबराचं काही माहीत नव्हतं. ते सांगताना मला घाम फुटला. त्या कपाटाशी गेल्या आणि परत आल्या. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

"मैत्रिणीकडून घेतलं असेल," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या. तोंडावर मात्र तसं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रबर. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा. सर आपले मनगट बघायचे आणि बोट दाखवायचे. जिराफ माझ्याशेजारी बुटाची नाडी बांधत पुटपुटली, "आबा, ही महिन्यात किती महिने जगते हो?"

परतताना सिग्नलला स्कूटर थांबवली आणि मी मान न वळवता विचारलं. समोरासमोर मला जमलं नसतं.

"भिंगरे, रबर खरा आहे का?"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"नडगी दुखते, आबा," ती म्हणाली. "जोरात पळलं की आतून सुरी फिरल्यासारखं होतं. पाय दुखतो म्हटलं तर सर चाचणीला नाव देणार नाहीत. रबर घातला की हळू पळू देतात, आणि विचारत कुणीच नाही. चाचणीपर्यंत ढकलते. तुम्ही आईला सांगितलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. कधीच."

मी गाडी पुढे काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्कूटर हलत नाहीये. तिचा गुडघा थांबला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मागे दगडासारखी बसली होती, आणि त्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी तिच्या शब्दांनी वाटली नव्हती.

घरी सूनबाई दारातच होत्या. मी चप्पल काढायच्या आत म्हणालो, "तिच्या हाडात काहीतरी झालंय. आणि रबर खोटा आहे." भिंगरी माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही चौघं. सूनबाईंनी सरांनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी भीत भीतच शिट्टी खिशात घातली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नडगीवर एका जागी अंगठा दाबला तशी भिंगरी टेबलावरून अर्धी उठली.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

भिंगरी छताकडे बघायला लागली. सर घाईनं म्हणाले, "मागच्याच आठवड्यात. रबर होता हातात."

"कसला रबर?"

सरांनी सांगितलं. असं एकेक अक्षर बाहेर काढत होते, जणू दात उपटतोय कुणी. सांगून झाल्यावर भिंगरी म्हणाली, "सर, ते सगळे खोटे होते. पाय दुखायचा म्हणून घालायचे. खरा कधी घातला होता ते मला आठवत पण नाही."

"आठवत पण नाही?" सूनबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की भिंगरीनं वळून आईकडे बघितलं.

तपासणी झाली. हाडाला केसासारखी चीर होती.

"चाचणी?" भिंगरीनं विचारलं.

"ही नाही. पळालीस तर चीर आरपार जाईल. मग पुढचीही नाही."

"पण मी उपाशी नाही राहत हो! आई जेवते तेवढं जेवते मी."

"आई दिवसभर काय करते?"

"काउंटरला असते."

"आणि तू?"

भिंगरीनं नडगीवर हात ठेवला.

सर घुटमळत म्हणाले, "मॅडम, पळणाऱ्या मुलींची बंद होते कधी कधी. आम्ही ती चांगली खूण समजायचो."

"खूण आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही उलटी वाचलीत. खाल्लेलं सगळं पळण्यातच गेलं की ज्यावाचून आज अडत नाही ते शरीर बंद करतं. आधी पाळी. मग हाडांची डागडुजी."

हे मला लगेच पटलं. इमारतीची वीज गेली, जनरेटरवर ताण आला की आधी लिफ्ट बंद करतात. लोक जिने चढतात आणि वर सांगतात की तब्येत सुधारली. पण ते बोलायची ती जागा नव्हती. सर दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

पुढचे दिवस घरानं कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. भिंगरीचा एक पाय स्टुलावर, दुसरा थरथरत, टेबलावरचे पेले किणकिणत. ती जेवायची, पण भाताशी वैर असल्यासारखी. दूध, अंडी, बटाटे, शेंगदाणे, सगळं औषधासारखं गिळायची. अर्धी चड्डी कमरेला घट्ट व्हायला लागली तेव्हा ती आईच्या अंगावर फेकून म्हणाली, "घे, पुसायला वापर." सूनबाईंनी घडी घालून कपाटात ठेवली. "बाई, चड्ड्या दुकानात मिळतात. नडगी मिळत नाही."

माझ्याशी बोलणं बंदच होतं. काही हवं असलं की भिंतीला सांगायची, "भिंती, आबांना म्हणावं पाणी द्या." मी पाणी द्यायचो.

चाचणीच्या दिवशी मात्र दारात उभी राहून थेट मला म्हणाली, "चला." आम्ही पायऱ्यांवर बसलो. जिराफ पळत होती. शेवटच्या फेरीत भिंगरी एका पायावर उभी राहिली, माझा खांदा धरला आणि घसा फुटेस्तोवर ओरडली. जिराफची निवड झाली. ती धापा टाकत आमच्याकडे आली आणि रडली. भिंगरी म्हणाली, "रडतेस काय, माझी जागा घेतलीस ना? मग तिथं नीट जेव." येताना स्कूटरवर माझा शर्ट पाठीला ओला लागत होता.

ऋतू पालटला. चीर भरली. आधी चालणं, मग थोडं पळणं, पुन्हा चालणं. पाळी काही येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वेळ लागतो, शरीराचा विश्वास एकदा उडाला की सावकाश बसतो.

मैदानावर सरांनी एक केलं. एका सकाळी सगळ्या मुलींना पायऱ्यांवर बसवलं, स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रबर आला की मी बघतो. रबर येत नसेल तर... कुणाची थांबलीय का?" मागच्या पायरीवरून दोन हात वर गेले. सरांनी रुमालानं मान पुसली.

आणि परवा उजाडता उजाडता माझ्या दारावर धडाधड थापा. मी घाबरून उठलो, उघडतो तर भिंगरी. बूट घातलेले, आणि मनगट माझ्या नाकासमोर. काळा रबर.

माझी झोप पुरती उडाली नव्हती. "पाय दुखतोय?" मी विचारलं.

"आबा!"

मागे सूनबाई दाराला टेकून उभ्या होत्या. हातात ते पाकीट, फोडलेलं. त्या हसत होत्या आणि पदरानं नाकही पुसत होत्या.

"अरे," मी म्हणालो. "अरे वा. मग आज सुट्टी?"

"सुट्टी कसली? कडेनं हळू पळायचंय. चावी कुठाय स्कूटरची?"

तिघांनी मिळून घर उलथंपालथं केलं. चावी माझ्याच हातात होती.

रस्त्यावर ऊन यायचं होतं. मागे तिचा गुडघा हलत होता आणि स्कूटर डुलत होती.

"केळं खाल्लंस का?"

"खातेय ना. तोंडात आहे. समोर बघा."

पाय हलवू नकोस असं मी म्हणालो नाही.