काठोकाठ भरलेला गडवा
पितळी गडव्याला आज चिंच लावली आणि तोंड लपवावंसं वाटलं. इंग्रजांच्या काळात बाबा नव्या ड्रायव्हरशेजारी बसून अमरावतीहून अकोल्याला संत्र्यांची लॉरी न्यायचे. मधे मी, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला हाच गडवा. पाणी सांडलं नाही तर त्याची नोकरी पक्की. त्या दिवशीच्या माणसानं थेंबही सांडला नाही. मूर्तिजापूरपाशी बाबांना डुलकी लागली आणि मी महामायेनं अर्धं पाणी पिऊन चार थेंब परकरावर शिंपडले. जागे होताच बाबा म्हणाले, "असे धक्के कावून देऊन राहिला रे? उद्यापासून येऊ नको." मी ओला परकर मुठीत धरला. अकोल्यात उतरताना तो हळूच म्हणाला, "तहान लागली व्हती न, बाई? उरलं तेबी पिऊन घे." खरं सांगायला आता बाबा नाहीत, म्हणून ही म्हातारी गडवा घासत बसते.