बेपत्ता धवलारीण

ती घटना आठवली की आजही त्या म्हातारीपुढे हात जोडावेसे वाटतात. मी तेव्हा शहापूर भागात नेमणुकीला होतो. हळदीच्या दिवशी सकाळीच किन्हवलीकडचा एक नवरीचा बाप पोलीस ठाण्यात तणतणत आला. त्यांची धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नगीतं गाऊन लग्न लावणारी बाई, घरातून नाहीशी झाली होती. तिच्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नाही.

"म्हसा गावाकडच्यांनी उचलली सायेब. त्यांच्याकडं पन उद्याच लगीन हाय."

बाहेर टेम्पोत भाऊबंद काठ्या घेऊन बसले होते. मी बेपत्ताची नोंद घ्यायला लावली, काठ्या जमा केल्या, टेम्पोची चावी खिशात घातली आणि सगळ्यांना चहा पाजला. चिडलेला माणूस एकदा बसला की निम्मा निवळतो.

दुपारी बाजारातल्या एका भाजीवालीने खबर दिली. म्हातारी उंबरमाळीला बहिणीकडे होती.

आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात चिंचा फोडत होती.

"कोणी पळवलं, मावशी?"

"कोनी नाय. मीच पळाले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन्ही नवरी मुलींच्या आयांची लग्नं तिनेच लावलेली. दोघी घरी आल्या, पाया पडल्या, आणि ही दोघींना हो म्हणून बसली. "तोंडावर नाय म्हनवंना," ती म्हणाली.

मी सुचवलं, "एक घर सांगा. दुसरीकडे आमचा शिपाई निरोप देईल."

"नको. किन्हवलीवाले पयले आले, लगीन त्यांचं लावीन. पन आता म्हशाला न्या. हो मी बोलले, नाय पन मीच बोलते."

म्हशाच्या मांडवात तिला नाही नाही ते ऐकावं लागलं. पोलीस सोबत होते, पण ती आमच्या आड लपली नाही. शांतपणे म्हणाली, "चुकी माझी. किन्हवलीवाल्यांना बोल लावू नका." दोन गावांची मारामारी तिथेच टळली. बंदोबस्ताला एवढं जमलं नसतं.

हळद लावलेली नवरी रडवेली झाली होती. म्हातारी तिच्याजवळ बसली. "मुरबाडकडं दुसरी धवलारीण हाय. तिला विचारते."

"येईल ना गो आजी ती?"

"विचारते, बाय. येलच असं नाय सांगत."

रडणाऱ्या पोरीला 'येईल' म्हणणं किती सोपं होतं! लोकांना धीर द्यायला आम्ही खाकीतले लोकही तेच म्हणतो. सकाळी पळालेल्या बाईने संध्याकाळी ते टाळलं, याचं मला फार कौतुक वाटलं. शब्द देणारे पुष्कळ भेटले, आपला शब्द तोकडा पडला हे समोर जाऊन सांगणारे फार थोडे.

दुसरी धवलारीण सकाळी आली. ती आली नसती, तरी म्हातारीबद्दलचं माझं मत हेच राहिलं असतं.