दत्तूभाऊंचं स्टिकर

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर एक मुलगी आपल्या बॅटवर स्टिकर चिकटवत बसली होती. बॅट भलत्याच कंपनीची, जुनी, हँडल सैल झालेलं. स्टिकर मात्र आमच्याच गावात बॅटी बनवणाऱ्या दत्तूभाऊंच्या कंपनीचं. आत हवा राहू नये म्हणून ती अंगठ्याने हळूहळू दाबत होती.

ते बघून मी ओशाळलो. आमच्या वेळी आम्ही नेमकं उलटं करायचो. दत्तूभाऊंच्या शेडमधून बॅट आणायची, ब्लेडने त्यांचं नाव खरवडायचं आणि तिथे परदेशी कंपनीचं लावायचं. आपल्याच आळीतला, बनियन घालून लाकडावर रंधा मारणारा माणूस चांगली बॅट कशी करेल, असं गावाला वाटायचं. पुढे बाहेरगावचे खेळाडू त्यांच्या बॅटी मागू लागले, कारखाना उभा राहिला, तेव्हा तीच माणसं ‘आमचे दत्तूभाऊ’ म्हणू लागली. त्यात मीही आलो.

आम्हाला आपल्या माणसाची किंमत बाहेरच्यांनी सांगावी लागली. ही मुलगी मात्र ते नाव पहिल्यापासूनच अभिमानाने मिरवणार होती.

संध्याकाळी कारखान्यात जाऊन मी दत्तूभाऊंना हे सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी हातातली बॅट खाली ठेवली.

“हँडल सैल आहे म्हणालास ना?”

“हो.”

“मग तिला बॅट घेऊन पाठव. नाव माझं लावलंय तिनं, तर बॅट नीट चालायला नको?”