चादरीचं पलीकडचं टोक

आमच्या इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत दोघी बायका चादरींच्या घड्या घालायच्या. नात्यानं त्या एकमेकींच्या कुणी नव्हत्या. पण भांडण काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही आणि एकीशिवाय दुसरी डबा उघडायची नाही, म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी जाऊ म्हणायचो.

धुलाईची यंत्रं सुरू झाली की तिथं कानठळ्या बसायच्या. त्यामुळे या दोघींनी बोलणं चादरीतूनच चालवलं होतं. थोरलीनं आपल्या टोकाला एक हिसका दिला, की घडी वाकडी, पुन्हा उलगड. दोन हळू हिसके, म्हणजे झकास. ते दोन हिसके मिळाले की धाकटी अशी खुलायची, जशी काही पगारवाढच झाली! मी समोर इस्त्रीवर. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, हेवाही वाटायचा. माझ्या इस्त्रीला कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं. साहेबांना फक्त जळलेली चादर दिसायची.

मग थोरलीच्या छातीत कळ आली आणि ती गेली. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, आम्हीच धुतलेल्या चादरीवर.

धाकटीचं कामावरून मनच उडालं. चादरीचं एक टोक खुंटीला अडकवून ती एकटीच कशाबशा घड्या घालायची. गठ्ठे साचत गेले. साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर घरी बसा." तिच्या घरी होतं कोण? भिंतींशी बोलत बसली असती. पण एकीनंही तिला एका शब्दानं विचारलं नाही.

एके सकाळी मी आले, तर गठ्ठे संपलेले. धाकटी खुंटीपासून लांब, मोकळ्या जागेत उभी होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं. दुसरं तिच्यासमोर कमरेइतक्या उंचीवर ताणलेलं, आणि ते धरायला कुणीच नव्हतं. पंख्याचा वारा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. वर पाहिलं तर पंखा बंद होता. धाकटी मात्र कितीतरी दिवसांनी हसत होती.

कुजबुज सुरू झाली. बायका तिच्या जवळूनही जाईनात. शेवटी साहेब स्वतः खाली उतरले.

"एकटीनं एवढं काम होतं कसं? मला असली भानगड नको," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कुणीतरी हिच्या जोडीला उभं राहा. नाहीतर उद्यापासून हिचं काम बंद."

सगळ्या आपापल्या नखांकडे बघत राहिल्या. माझं डोकंच फिरलं. इस्त्री बंद केली आणि तरातरा पुढे गेले.

"कुठलं टोक धरू?"

"पलीकडचं," धाकटी म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण तिला विचारून धर गं."

मी समोर जाऊन टोक धरलं.

चादर नुकतीच सुकवायच्या यंत्रातून गरम निघाली होती, तरी माझ्या हाताला ती थंडगार लागली. आम्ही ती उभी दुमडली, आणि एक हिसका आला. धाकटीचे हात जागच्या जागी होते, मी त्यांच्याकडेच बघत होते.

"मी नाही ओढलं," ती म्हणाली. "तुझी कड वाकडी आहे, बघ."

कड खरंच वाकडी होती. टोक टाकून पळावंसं वाटलं, पण साहेब दारातच उभे होते. मी पळाले असते तर धाकटीचं काम गेलंच असतं. मी चादर उलगडली, काठाला काठ नीट लावला, पुन्हा दुमडली आणि वाट बघत उभी राहिले.

दोन हिसके आले. अगदी हळू.

इतकी वर्षं त्या तळघरात राबले, पण मला कुणी झकास म्हटलं ते त्या दिवशी. डोळे भरून आले होते. मी नाक पुसलं आणि धाकटीला म्हणाले, "पुढची घे."