दादाचा जड गिअर

चाळीस तासांत सहाशे किलोमीटर पुरे करायची सायकल राइड आठवड्यावर आली आणि तिच्या जिवाला चैन पडेना. हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे सगळे तिला सिस्टरच म्हणत, अगदी गल्लीतसुद्धा. पण वॉर्डात सलाइन लावतानाही सिस्टरच्या डोक्यात टायर फिरत. अरुंद टायर पळायला चपळ, पण खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी करणारे; रुंद टायर आरामाचे, पण चढावर लोढणं. रुंद चढवले, काढले, पुन्हा चढवले.

"अगं, सायकल आहे की पेशंट?" नवरा म्हणाला. "किती वेळा बँडेज बदलशील?"

अखेर रुंदच ठेवले, तेही धुसफुसत. खरी काळजी टायरची नव्हतीच, थोरल्या भावाची, दादाची होती. त्यानेच तिला या नादाला लावलं होतं. दोघांची उंची सारखी, सायकलीही एकाच मापाच्या. गेल्या वर्षी शेवटच्या घाटातच ठरलेली वेळ संपली आणि दादाची राइड अपुरी राहिली. यंदा राइड पुरी झाली नाही तर सायकल विकून टाकणार, असं त्याने जाहीर केलं होतं, आणि तो बोलला की करायचाच. चढाला पाय हलके पडावेत म्हणून तिने मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती बसवून घेतली. दादाला सुचवलं तर तो भडकला.

"म्हातारे लावतात ते. मला काय धाड भरलीय?"

शेवटच्या घाटाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिल्याच वळणावर तो उतरला आणि सायकल ढकलू लागला. असं चालत गेलं तर वेळेत पोचणं अशक्य. सिस्टरने ब्रेक दाबला. समजवायला जावं तर हा आणखी हट्टाला पेटणार.

"दादा, हे सीट टोचतंय रे मला. तुझी सायकल दे ना जरा."

"तुझं नेहमीचंच," म्हणत त्याने करवादत अदलाबदल केली.

आणि दादा तुरुतुरु चढून गेला. ती मागून जड पेडलवर उभी राहून, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत. त्याचा भयंकर राग येत होता, आणि त्याची ती पुढे जाणारी पाठ बघून बरंही वाटत होतं.

माथ्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा होता. "बघितलंस? दम आहे की नाही अजून? आणि तू माझ्याहून लहान असून धापा टाकतेस!"

"आहे बाबा, आहे."

चकतीचं नाव त्याने काढलं नाही. तिनेही नाही.

"घे तुझी सायकल," तो हळूच म्हणाला.

पुढे अजून दोन टेकड्या होत्या.

"राहू दे," ती म्हणाली. "मला हीच बरी वाटतेय."