पिठावर उमटलेले ठोकळे

कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, अशा गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आज आहे का, तेही सांगता येत नाही. घरात कुणाला बोलले नाही. बोलायला जमत नाही म्हणून लिहिते.

आम्ही निपाणीचे. मालक तंबाखूच्या वखारीत, मी घरी विड्या वळते. एकुलती एक लेक सुजाता कॉलेजला होती. तिला किडनीचं दुखणं लागलं आणि डायलिसिससाठी बेळगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं पडून पडून कंटाळते म्हणून मामानं तिला हातात धरायचा व्हिडिओ गेम आणून दिला. त्यात एक छोटी मुलगी असते — ठोकळे ढकलायचे, त्यांवर चढून तिला दारापर्यंत न्यायचं. दारातून गेली की पुढची लेव्हल.

सोप्या लेव्हल तिनं मलाही शिकवल्या. माझी बोटं अडखळली की हसायची. "आई, चौथीतच बसणार व्हय गं? चल, पाचवीत घालते तुला."

एका लेव्हलला मात्र ती स्वतःच अडकली. तीन ठोकळे, मधे एक कट्टा, दार लई उंचावर. बेळगावला निघताना गेम माझ्याकडं देऊन म्हणाली, "बंद करू नको. आल्यावर काढते."

ती आलीच नाही.

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा लावतात. शेजारी ताटात पीठ पसरून वर वेताची पाटी पालथी घालतात. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला जीव गेला म्हणतात.

सुजाताच्या जागेवरही तसंच केलं. सकाळी माझ्या नणंदेनं, आक्कांनी, पाटी उचलली. बायका वाकून बघत होत्या. कुणाला मुंगी वाटली, कुणाला पाखरू. आक्का म्हणाल्या, "पाऊल न्हाय हे. पाटीचीच खूण उठलीया."

पण पाटी पिठाला टेकतच नव्हती. आणि मला दिसत होतं ते स्वच्छ... तीन चौकोन. दोन एकावर एक, तिसरा लांब, ताटाच्या कडेला एकटा. चारचौघींत पुढं होऊन सांगायचं धाडस झालं नाही. आक्कांनी पीठ गोळा करून नेलं.

दुपारी बायका गेल्यावर मी गेम घेतला. बंद पडू नये म्हणून रोज चार्जिंगला लावत होते. ती मुलगी खाली उभीच होती. लेकीचं अडलेलं सुटावं, एवढंच मनात होतं. आधी आम्ही मायलेकी तिन्ही ठोकळे दारापाशीच रचत होतो. या वेळी मी पिठावर होते तसे ठेवले — दोन दारापाशी, एक लांब. मुलगी लांबच्या ठोकळ्यावरनं कट्ट्यावर चढली, तिथून उडी मारून दोन ठोकळ्यांवर, आणि दारातून पलीकडं गेली.

पुढची लेव्हल आली नाही. तीच शेवटची होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मुलगी एका मोकळ्या माळावरनं चालत लांब लांब गेली, आणि पडद्यावर नुसता माळ राहिला.

वाटलं होतं, दार मिळालं की जीव शांत होईल. पण अडकली होती तोवर ती माझ्या हातात तरी होती...

पिठावर ते कुणी काढलं, मला आजही कळलेलं नाही. तिला दारातून बाहेर काढणारं बटण मात्र मीच दाबलं.